जेवणाऱ्याच्या फोनआधी आचाऱ्याची वही

गोव्यात हॉटेलातलं जेवण आणि आरोग्य हा विषय निघाला की दोन बाजू लगेच ठरून जातात. एक बाजू म्हणते, प्रत्येक टेबलावर क्यूआर कोड लावा, ॲपमध्ये ॲलर्जीची खूण करायची सोय द्या, पदार्थापुढे कॅलरी छापा, प्रश्न मिटला. दुसरी म्हणते, ही सगळी परदेशी पाहुण्यांची खुळं. आमच्या आजीने हुमणात (नारळाच्या वाटणाच्या माशाच्या कढीत) काय घातलं ते कधी लिहून ठेवलं नाही आणि आमचं काही अडलं नाही. वाद चढतो, आवाज वाढतात, पण दोन्ही बाजू एकच गोष्ट गृहीत धरून भांडत असतात: काळजी घ्यायची ती जेवणाऱ्याने. पहिली बाजू त्याच्या हातात फोन देते, दुसरी त्याला घरी जेवायला सांगते. मला दोन्ही मान्य नाही. जो शिजवून विकतो त्याने पदार्थात काय घातलं ते लिहून ठेवलं पाहिजे, विचारणाऱ्याला ते दाखवलं पाहिजे, आणि हा नियम गल्लीतल्या खानावळीपासून पंचतारांकित हॉटेलापर्यंत सगळ्यांना सारखा हवा. तंत्रज्ञान या कामाला जुंपता येईल तेवढं जुंपावं. पण कामाची सुरुवात चुलीपाशी व्हायला हवी.

‘परदेशी पाहुण्यांची खुळं’ ही समजूत आधी बाजूला करू. सरकारी आकड्यांनुसार २०२४ मध्ये गोव्यात एक कोटीहून अधिक पर्यटक आले, त्यांत परदेशी पाच लाखही नव्हते. पण पर्यटक सोडूनच द्या. इथल्या कुठल्याही घरात विचारा, एकाला सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोसत नाहीत, एकीच्या अंगावर तिसऱ्या (शिंपल्या) खाल्ल्या की पित्त उठतं. घरात हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून त्यांच्या ताटात तो पदार्थ येत नाही, आणि चुकून आलाच तर आमसुलाचं पाणी चोळून वेळ निभावते. आजीने लिहून ठेवलं नाही हे खरंच. तिला लिहायची गरज नव्हती, कारण ज्यांना वाढायचं त्या प्रत्येकाला ती ओळखत होती. हॉटेलवाला आपल्याला ओळखत नाही. आणि पणजी-मडगावात नोकरी करणारी किती माणसं आज दुपारचं जेवण घरून आणतात? बारशापासून साठीशांतीपर्यंतची सगळी कार्यं आता केटररच्या हाती गेली आहेत. जेवण घराबाहेर गेलं, पण ‘याला हे सोसत नाही’ ही आठवण घरातच राहिली.

कोळंबी, कुर्ल्या, तिसऱ्या यांची ॲलर्जी बहुतेकदा ट्रोपोमायोसिन नावाच्या प्रथिनामुळे होते. ते उष्णतेने मोडत नाही. त्यामुळे ‘नीट शिजवलंय, काही होत नाही’ या आश्वासनाला अर्थ नाही. सुकवलेल्या सुंगटातही ते तसंच असतं. मागच्या वेळी नुसतं पित्त उठलं म्हणून पुढच्या वेळीही तेवढ्यावर भागेल, याची हमी कुणी देऊ शकत नाही. घसा सुजला, रक्तदाब कोसळू लागला की पहिला उपाय म्हणजे ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन, आणि ते काही मिनिटांत मिळावं लागतं. अनेक देशांत अशी माणसं स्वतःच टोचून घ्यायचं पेन खिशात बाळगतात. आपल्याकडे ते सहज मिळत नाही. काणकोणच्या किंवा सत्तरीच्या टोकाला जेवायला बसलेल्या माणसाने बांबोळीच्या सरकारी इस्पितळाचं अंतर आठवून बघावं.

सगळंच ॲलर्जी नसतं, हेही इथेच सांगायला हवं. ‘मला बांगडा बाधतो’ म्हणणाऱ्यांतल्या काहींना बांगड्याची ॲलर्जी नसतेच. बांगडा किंवा ट्यूनासारखा मासा पुरेशा बर्फाविना राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं. ते शिजवूनही जात नाही. चेहरा लाल होणं, अंगाला खाज, डोकं ठणकणं, हे सगळं हुबेहूब ॲलर्जीसारखं दिसतं. अशा माणसाने ॲपमध्ये कितीही खुणा केल्या तरी त्याचा काय उपयोग? त्याला वाचवील तो जेटीपासून स्वयंपाकघरापर्यंत बर्फ टिकला का हे दाखवणारा साधा थर्मामीटर, आणि त्याची नोंद ठेवणारा माणूस. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि मासळी परराज्यांतून ट्रकने येते, तेव्हा तर हे जास्तच खरं.

गेल्या वर्षी भाचीला घेऊन एका नावाजलेल्या हॉटेलात जेवायला गेलो होतो. ती मासे खाते, सुंगटं चालत नाहीत. फिश थाळी मागवताना वेटरला स्वच्छ सांगितलं, कोळंबी नको, तिसऱ्या नकोत, किसमूर (सुक्या सुंगटाची कोशिंबीर) नको. पोरगा भला होता. त्याने आत जाऊन सांगितलं, आणि ताट आलं तेव्हा तिसऱ्यांची आणि किसमुरीची वाटी खरोखरच काढलेली होती. तांबडी भाजी मात्र जागेवर होती. भाजीच ती, तिच्याकडे कोण संशयाने बघणार? चार घास झाल्यावर भाची म्हणाली, “मामा, ओठ कसेतरीच होतायत.” भाजीत चवीला गालमो, म्हणजे बारीक सुकं सुंगट, घातलेला होता, मुठीएवढासुद्धा नसेल. इस्पितळ जवळ होतं म्हणून निभावलं. त्या वेटरवर मी राग धरला नाही आणि आजही धरत नाही. झारखंडहून आलेल्या, हंगामापुरत्या नोकरीवर असलेल्या मुलाला गोव्याच्या तांबड्या भाजीत सुकं सुंगट पडतं हे कुठून कळणार? आचाऱ्याला ते माहीत होतं, पण त्याला कुणी विचारलंच नाही, आणि त्याने ते कुठे लिहिलेलंही नव्हतं.

आपल्या ताटात असे लपलेले जिन्नस बरेच आहेत. गव्हाचं ग्लुटेन ज्याला चालत नाही तो माणूस शीतकडी, म्हणजे भात आणि माशाची कढी, बघून निर्धास्त होतो. पण तळलेल्या मासळीला रवा लावलेला असतो आणि रवा म्हणजे गहूच. तांदळाच्या पिठात घोळवून द्या म्हटलं तरी तवा तोच, तेलही तेच. फोडणीतल्या बांधानी हिंगात बहुधा मैदा असतो. हॉटेलातल्या पांढऱ्या रश्श्याला दाटपणा येतो तो काजूच्या वाटणाने. शागुतीच्या मसाल्यात कुणी शेंगदाणे घालतं, कुणी घालत नाही. काळी पडू नये म्हणून कोळंबीला सल्फाइटचं पाणी दिलेलं असेल तर दम्याच्या रुग्णाला त्याचाही त्रास होऊ शकतो. यांतला एकही जिन्नस पदार्थाच्या नावात दिसत नाही. ॲपच्या पडद्यावर ‘फिश थाळी’ एवढंच येतं.

आता समोरच्यांच्या सगळ्यात वजनदार मुद्द्याकडे येऊ. नवरा-बायकोने चालवलेली खानावळ, सकाळी बाजारात जे मिळालं ते दुपारी ताटात, मेन्यू फळ्यावर खडूने लिहिलेला. तिला कागदपत्रांच्या ओझ्याखाली घालायचं का? मोठ्या हॉटेलांना सल्लागार परवडतात. नियम कडक झाले की मरतो तो छोटा. हा आक्षेप खरा आहे, आणि ज्यांनी परवान्यांसाठी हेलपाटे घातले आहेत त्यांच्या तोंडून तो आला की मी गप्प ऐकतो. पण खानावळीच्या आत जाऊन बघा. बदलते ती मासळी. हुमणाचं वाटण, रेशादचा मसाला, शागुतीचा मसाला, तळणीचं पीठ, भाजीतला गालमो हे वर्षानुवर्षं तेच असतं. बारा-पंधरा गोष्टी एकदा वहीत लिहिल्या की काम झालं; बाजारातून आज चणक आली की मोडसो, याने त्यात फरक पडत नाही. आणि छोट्यांना सवलत देता येते. ब्रिटनमध्ये सुट्या जेवणाच्या बाबतीत, ‘ॲलर्जीविषयी आम्हाला विचारा’ अशी पाटी लावून तोंडी माहिती देण्याची मुभा ठेवलेली आहे.

ती तोंडी मुभासुद्धा पुरत नाही, हे तिथेच दिसलं. २०१७ मध्ये ओवेन कॅरी हा मुलगा लंडनमध्ये आपला अठरावा वाढदिवस साजरा करायला जेवायला गेला. दुधाची ॲलर्जी असल्याचं त्याने सांगितलं होतं. ग्रिल केलेलं चिकन मागवलं. ते ताकात मुरवलेलं होतं, आणि मेन्यूवर तसं लिहिलेलं नव्हतं. तो त्याच दिवशी गेला. त्याच्या घरच्यांनी लावून धरलेल्या मागणीनंतर ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने २०२५ मध्ये सांगितलं की माहिती लेखी असावी आणि त्याबरोबर बोलणंही व्हावं. दोन्ही हवं. आपल्याकडे दह्यात मुरवलेलं चिकन किती हॉटेलांत मिळतं, हे वेगळं सांगायला नको.

दुसरा आक्षेप याहून कठीण आहे. एकच तवा, एकच उलथणं, एकच तेल असलेल्या स्वयंपाकघराने ‘यात सुंगट नाही’ असं लिहून दिलं तर ती खोटी खात्री ठरेल, आणि खोट्या खात्रीपेक्षा अज्ञान बरं, निदान माणूस सावध तरी राहतो. शिवाय कायद्याची भीती घातली की धंदेवाला पळवाट काढतो. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तिळाचा उल्लेख बंधनकारक झाला, तेव्हा काही बेकऱ्यांनी आणि साखळी रेस्टॉरंटांनी तीळ बाजूला ठेवण्याचा खटाटोप करण्याऐवजी पावातच तीळ घातले आणि लेबलावर लिहून मोकळे झाले. इतकी वर्षं तो पाव खाणाऱ्यांचा पाव गेला. हे उदाहरण माझ्या बाजूचे लोक टाळतात. टाळू नये. त्यातून मी एवढंच शिकतो की नियमाने हमी मागू नये, फक्त खरं सांगायला लावावं. पदार्थात काय घातलं हा एक प्रश्न, दुसऱ्या पदार्थाचा स्पर्श झाला असेल का हा दुसरा. पहिल्याचं उत्तर प्रत्येक आचारी देऊ शकतो. दुसऱ्याला ‘आमचा तवा एकच आहे’ हेही पुरेसं उत्तर आहे. ते ऐकून जेवायचं की उठायचं हे माणूस स्वतः ठरवील. आज त्याला ठरवायला काहीच मिळत नाही.

आणखी एक भीती आहे, आणि ती गोव्यात नुसती तात्त्विक नाही: सरकार स्वयंपाकघरात शिरलं की पुढे कुठे थांबेल? इथल्या मातीत या भीतीला इतिहास आहे. पोर्तुगीज काळातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मन्यायालयाच्या, १७३६ च्या फर्मानात नवख्रिस्ती घरांनी हिंदूंसारखा मीठ न घालता भात शिजवू नये असंही बजावलेलं होतं. भातात मीठ आहे की नाही यावरून माणसाची निष्ठा तपासली जाणारा प्रदेश अन्नावरच्या सरकारी नजरेला भ्यायला शिकला तर नवल नाही. पण ती नजर खाणाऱ्यावर होती. मी जे मागतो आहे त्यात खाणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. विकणाऱ्याने आपण काय विकलं ते सांगायचं आहे. शिवाय हे तत्त्व आपण मान्य करून एक पिढी उलटली. २००१ च्या सुमारास झालेल्या नियमांनी पाकिटावर हिरवा ठिपका आणला, आणि आज बिस्किटाच्या पुड्यावर तो दिसला नाही तर आपण पुडा उलटसुलट करून शोधतो. श्रद्धेसाठी ताटात काय आहे हे जाणण्याचा हक्क आपण निःशंकपणे मानतो. मग जिवासाठी तोच हक्क मागितला की ती खुळं कशी होतात?

कायदा मुळात नाही असंही नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमावलीनुसार १ जुलै २०२२ पासून मेन्यूवर कॅलरी आणि ॲलर्जीकारक जिन्नस यांची माहिती द्यायची आहे. पण ती कुणी? केंद्रीय परवाना असलेल्यांनी किंवा दहा वा अधिक ठिकाणी शाखा असलेल्यांनी. गोव्यातल्या खानावळी, बार अँड रेस्टॉरंट, शॅक (किनाऱ्यावरच्या हंगामी खानावळी) यांतलं जवळपास काहीच त्यात बसत नाही. बर्गरच्या साखळीला जे सांगावं लागतं ते शागुतीवाल्याला सांगावं लागत नाही, आणि माझी भाची बर्गरपेक्षा शागुतीच्या दुकानात जास्त वेळा जाते. शिवाय त्या नियमावलीतल्या आठ गटांत कवचधारी कोळंबी-कुर्ल्या आहेत, पण तिसऱ्या, शिणाणे, माणकी यांचा मृदुकाय गट नाही. मोहरी आणि तीळही नाहीत. युरोपच्या चौदा जिन्नसांच्या यादीत हे तिन्ही आहेत. तिसऱ्यांवर जीव टाकणाऱ्या राज्याने निदान आपल्यापुरता नववा रकाना वाढवायला दिल्लीची वाट का बघावी?

आता तंत्रज्ञान. त्याचा मी विरोधक नाही, पण ते कुठे अडतं ते बघायला हवं. डिलिव्हरी ॲपमध्ये सूचना लिहायची चौकट असते. तिथे ‘काजू नको’ लिहिलं, तरी दुपारी दीड वाजता भरलेल्या स्वयंपाकघरात आचारी बघतो ती केओटी, बिलिंग मशीनमधून निघालेली कागदाची पट्टी. तिच्यावर ती सूचना आली नाही, किंवा आली आणि बारीक टायपात तळाला गेली, तर फोनवरची सगळी हुशारी वाया. म्हणून खरं काम त्या पट्टीवर आहे. ॲलर्जीची सूचना केओटीवर सगळ्यांत वर, ठळक छापली जावी, त्या ऑर्डरला वेगळं भांडं घेतलं जावं, आणि ताट टेबलावर ठेवताना वेटरने ती पट्टी वाचून दाखवावी. यासाठी नवं ॲप लागत नाही. परवान्याचा चौदा अंकी क्रमांक बिलावर छापणं १ जानेवारी २०२२ पासून सक्तीचं झालं आणि गावोगावच्या बिलिंग मशीनांनी तो बदल पचवला. नऊ रकाने पचवायला त्यांना काय जड आहे? क्यूआर कोड जरूर लावा, पण तो आचाऱ्याच्या वहीकडे नेणारा असू दे. आज तो बहुतेक ठिकाणी नुसत्या दरपत्रकाकडे नेतो.

यंत्राला जबाबदार माणसाचं पाठबळ नसलं की काय होतं, ते आपण जुलै २०१८ मध्ये पाहिलं आहे. मडगावच्या घाऊक बाजारात अन्न व औषध प्रशासनाने (एफडीएने) मासळी तपासली, जागेवरच्या चाचणीत फॉर्मेलिन दिसलं, आणि पाठोपाठ खुलासा आला की प्रमाण मर्यादेत आहे. मर्यादा कुठली, असं लोक विचारत राहिले, मग बाहेरून येणाऱ्या मासळीवर काही दिवस बंदी आली. चाचणीचं साहित्य होतं, निकालही होता. पण मासळी कुठून आली, कुणाच्या हातून गेली याची विश्वासार्ह नोंद नसल्याने त्या निकालावर कुणाचा भरवसा बसेना. बंदीची तीच सवय पुढेही दिसली. २०२४ च्या सुरुवातीला म्हापशात रंग आणि अस्वच्छतेच्या कारणाने गोबी मंचुरियनच्या गाड्या हटवल्या गेल्या. रंगाबद्दलची काळजी रास्त होती. पण गाडीवाल्याला हटवणं सोपं म्हणून तेच होतं, आणि रंग कुठला, किती, कुठल्या डब्यातून आला हे लिहून ठेवायला कुणालाच सांगितलं जात नाही, ना गाडीवाल्याला, ना वातानुकूलित हॉटेलाला.

ॲलर्जी आणि ‘हेल्दी’ खाणं एकाच पडद्यावर, एकाच प्रकारच्या खुणांनी मांडलं जातं, ही मला फार मोठी चूक वाटते. एक जिवाचा प्रश्न आहे, दुसरा सवयीचा. ‘हाय प्रोटीन’, ‘शुगर फ्री’, ‘नट फ्री’ अशा पट्ट्या एका ओळीत लागल्या की वेटरलाही वाटतं, नट नको म्हणणारा हा डाएटवाला दिसतोय, थोडं पडलं तर काय बिघडलं.

सवयीचा प्रश्न लहान आहे असं मात्र मी म्हणत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सगळ्यांत जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के, देशाचा आकडा ११.४ होता. इथेही कॅलरी छापून भार जेवणाऱ्यावर टाकायचा मोह होतो. पण कॅलरीच्या आकड्यांवरच्या अभ्यासांचा कॉक्रेन संस्थेने २०२५ मध्ये जो आढावा घेतला, त्यात खाण्यातला फरक सरासरी १.८ टक्के निघाला. सहाशे कॅलरीच्या जेवणात साधारण अकरा, म्हणजे एक घासही नाही. याउलट डेन्मार्कने २००३ मध्ये ट्रान्स फॅटवर थेट मर्यादा घातली, आपणही २०२२ पासून ती दोन टक्क्यांवर आणली. तिथे ग्राहकाने काही वाचायची गरजच ठेवली नाही. हॉटेलांनाही असंच करता येतं. ‘उकडे की सुरय’ हे विचारण्याऐवजी उकड्याचा भात आधी वाढावा, पांढरा मागेल त्याला द्यावा. भाताचा ढीग निम्मा करून दुसऱ्यांदा मोफत वाढावा. सोलकढीत साखर घालू नये. तळणीचं तेल वेळेत बदलावं; तेल वारंवार तापल्याने त्यात वाढणाऱ्या टोटल पोलर कंपाऊंडची २५ टक्क्यांची मर्यादा २०१८ पासून कायद्यात आहे, आणि ते मोजणारं हातात धरायचं यंत्रही मिळतं. माझ्या लेखी आरोग्याच्या नावाने हॉटेलात यावं असं तंत्रज्ञान हे आहे.

सरकारने मेन्यूत हात घालू नये, असं म्हणणाऱ्यांना शेवटी एक आठवण देतो. हात घालून झाला आहे. २०२३-२६ च्या शॅक धोरणात किनाऱ्यावरच्या शॅकना शीतकडी ठेवणं सक्तीचं केलं गेलं, आणि गोव्याच्या चवीचा मान म्हणून बहुतेकांनी त्याचं स्वागत केलं, मीही केलं. काय ठेवावं हे जर धोरणात लिहिता येतं, तर जे ठेवलंय त्यात काय आहे हे सांगायची अटही तिथेच बसते. पुढचं धोरण लिहिताना एक कलम वाढवावं: शॅकवर मेन्यूतल्या प्रत्येक पदार्थाची नऊ रकान्यांची वही असावी, ती गिऱ्हाइकाने मागितल्यावर दाखवावी, आणि वाटपाच्या व नूतनीकरणाच्या वेळी ती तपासली जावी. शॅकपासून सुरुवात करायचं कारण, तिथला परवाना सरकारच्या हातात पुन्हा पुन्हा येतो. पुढच्या हंगामात नगरपालिका हद्दीतली बार अँड रेस्टॉरंट, त्यानंतर केटरर. वहीचा नमुना एफडीएने मराठी, कोकणी, हिंदी आणि इंग्रजीत छापून फुकट द्यावा, आणि पहिलं वर्ष दंडाऐवजी ती भरायला शिकवण्यात घालवावं.